शिंप्याच्या दुकानावरची खोली

माझी धाकटी बहीण चित्रं काढते. लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय करते?" मी पुन्हा तेच सांगते, चित्रं काढते, आणि विषय बदलते. पुढचं सांगायला गेलं तर अर्धा तास जातो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघून मलाच वाटायला लागतं, की हे काही काम नव्हे.

मी औषधांच्या दुकानात आहे, एकवीस वर्षं. आलेली प्रत्येक चिठ्ठी मी दोनदा वाचते, सही उजेडात धरून बघते आणि मग चिठ्ठी आणणाऱ्याकडे बघते. धाकटी म्हणते, "ताई, तुझ्याकडून खोकल्याचं औषध घ्यायचं तर माणसाने साक्षीदार आणायला हवेत." म्हणू दे. पण हे जे सांगणार आहे ते माझ्या या खोडीमुळेच उघडकीला आलं. त्याचा मला आनंद झाला असं मात्र नाही.

आधी तिच्या कामाबद्दल. सुरुवातीला ती जाहिरातींच्या एका स्टुडिओत होती. तिथे तिच्याकडे फक्त हात होते. टूथपेस्ट धरलेला हात, साबण धरलेला हात, डब्याचं झाकण उघडणारा हात. चार वर्षं हात काढून ती वैतागली आणि रविवारी सरांच्या वर्गाला जायला लागली. सर म्हणजे तीस वर्षं वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची चित्रकथा काढणारे गृहस्थ. आमच्या घरी पेपर आला की आधी त्या तीन चौकटींवरून भांडण व्हायचं, बातम्या नंतर. सरांनी तिला कॉमिक शिकवलं. चौकट कुठे तोडायची, फुग्यात किती शब्द मावतात, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत वाचकाला काय करू द्यायचं. तिचं पहिलं पान त्यांनी चौदा वेळा परत केलं. पंधराव्या वेळी नुसते "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर ती आठवडाभर जमिनीच्या वर चालत होती.

मग तिचं तिलाच सुचलं. कागदाची लांबच लांब गुंडाळी घ्यायची, लोक जिथे नाइलाजाने बसलेले असतात तिथे ती अंथरायची, आणि चौकटी त्यांच्याकडूनच काढून घ्यायच्या. पहिल्यांदा हे तिने रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात केलं. मग बस डेपोत, मग वाचनालयात. "मला काही येत नाही हो" म्हणणारी माणसंच सगळ्यात शेवटी उठायची. घरी आल्यावर ती त्यातल्या गोष्टी वेचायची, स्वतःच्या चौकटी जोडायची आणि पातळसं पुस्तक करायची. अशी सहा पुस्तकं झाली. तिसऱ्यापासून नाव झालं. चौथ्यानंतर बोलावणी यायला लागली, आणि ती स्टुडिओतून बाहेर पडली. प्रत्येक पुस्तकाची पानं छापण्याआधी सरांकडे जायची. पेन्सिलीने खुणा होऊन परत यायची. यात पंधरा वर्षांत खंड नव्हता.

सातव्या पुस्तकाचं बोलावणं आलं ते एका कलासंस्थेकडून. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार वसाहतीत वर्षभर कार्यक्रम करायचे, शेवटी पुस्तक, आणि वसाहतीच्या भिंतींवर मोठ्ठं प्रदर्शन. संस्थेच्या संयोजक मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या. त्या गोड बोलल्या. कोणी इतकं गोड बोललं की मी दुकानात कपाटाची किल्ली चाचपून बघते. त्या गेल्यावर मी म्हटलं, "यांना तुझं नाव कोणी सांगितलं?"

"सरांनी."

"आणि वसाहतच का? गावात दुसरी माणसं नाहीत?"

"ताई, तुला फुलांचा गुच्छ दिला तरी तू खाली हात घालून बघशील."

वसाहत मी नंतर पाहिली. चार ओळी, प्रत्येक ओळीत बारा घरं, वर पत्रे. मधे नळ. एका टोकाला बंद उपाहारगृह, त्याच्या मागे पाण्याची टाकी. दुसऱ्या टोकाला, रस्त्यालगत, शिंप्याचं दुकान. कारखान्याची जमीन एका कंपनीने घेतली होती आणि तिथे उंच इमारती बांधायच्या होत्या. राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला नवीन घर मिळणार होतं, पण कुटुंब म्हणजे कोण, कुठली खोली मूळची आणि कुठली मागाहून वाढवलेली, याची यादी व्हायची होती. ज्याचं बांधकाम वाढीव निघेल त्याचा हक्क कमी होणार. कंपनीची मोजणीची माणसं तीनदा आली आणि वसाहतीने तिन्ही वेळा दारं लावून घेतली. चौथ्यांदा कोणी आलंच नाही. दोन महिन्यांनी आली माझी बहीण, खांद्यावर कागदाची गुंडाळी घेऊन.

शिंपी दुकानाच्या पायरीवरच उभा होता. गळ्यात मोजपट्टी, नाकावर चष्मा. म्हणाला, "टेपवाल्यांना दार उघडलं नाही, म्हणून आता ब्रशवाली पाठवली का?"

धाकटी हसली. तिला वाटलं, विनोद आहे.

पहिले दोन शनिवार कागदावर फक्त कबुतरं उतरली. तिसऱ्या शनिवारी लॉन्ड्रीवाली आली, ओळ तीन, शेवटचं घर. चित्रं काढायला नव्हती आली. गुंडाळीचं टोक सारखं वर वळतंय हे तिला घरातून बघवेना. "अहो, हे असं कसं राहील?" म्हणत ती इस्त्री घेऊनच आली, वर फडका ठेवून कागदाचं टोक तिने सपाट करून दिलं. मग गुडघे टेकून आपल्या कामाकडे बघत बसली, आणि बघता बघता धाकटीने तिच्या हातात पेन दिलं. एक आली म्हटल्यावर बाकीच्या आल्या. महिन्याभरात धाकटीला तिथे "चौकटवाली" नाव पडलं. शिंपी मात्र आला नाही. तो दुकानातून सगळं बघायचा, आणि कोणी कागदावरून उठलं की विचारायचा, "काय काय काढून घेतलं?"

लॉन्ड्रीवालीने सहा चौकटींचं पान काढलं. "आमच्या घरात कोण कुठे झोपतं." खाली ती आणि इस्त्रीचं टेबल. टेबलाखाली सासू, कारण सासूला भिंतीजवळची ऊब लागते. वर लाकडी पोटमाळा, त्यावर नवऱ्याने टाकलेली नणंद आणि नणंदेची मुलगी. डाव्या बाजूला शिडी. शेवटच्या चौकटीत सगळ्यांच्या डोक्यावरचे फुगे, आणि प्रत्येक फुग्यात घोरणं. मी हसून हसून बेजार झाले. सरांनी त्या पानावर एकही खूण केली नाही, कडेला लिहिलं, "उत्तम. हात लावू नकोस."

पाच आठवड्यांनी लॉन्ड्रीवालीला गृहनिर्माण कार्यालयाची नोटीस आली. कंपनीच्या अर्जावरून. घरात लाकडी पोटमाळा अनधिकृत, त्यावर दोन बाहेरच्या व्यक्तींचं वास्तव्य, चढण्यासाठी डावीकडे शिडी. खाली शेरा होता, प्रत्यक्ष पाहणीवरून. म्हणणं मांडायला तारीख दिली होती.

पुढच्या शनिवारी धाकटीने कागद अंथरला तर कोणी आलं नाही. दारं लागली. शिंपी पहिल्यांदाच पायरी उतरून कागदापाशी आला.

"बाई, मी अडाणी असेन, पण कापड बघून सांगतो कुठल्या ताग्यातलं आहे. तुम्ही कोणत्या ताग्यातल्या ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मी कोणाला काही दिलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"मग कंपनीला स्वप्न पडलं?"

ती घरी आली ती सरळ मोरीत जाऊन तोंड धुवत राहिली, नळ बंद करेना. आणि मी काय केलं? ती आत असताना मी तिची पिशवी उघडली. फोन पाहिला, कागद पाहिले, कंपनीच्या नावाची एखादी चिठ्ठी आहे का ते पाहिलं. माझी सख्खी बहीण! काही नव्हतं. पिशवी होती तशी ठेवली आणि चहा टाकला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मी एकटी वसाहतीत गेले. लॉन्ड्रीवालीने दार जेमतेम वीतभर उघडलं. मी म्हटलं, "मी चौकटवालीची थोरली बहीण. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा, पण मला ती नोटीस वाचू द्या." तिने नोटीस दिली, ओरडली नाही. मी वाचली. मग सवयीने दुसऱ्यांदा वाचली, आणि मान वर करून खोलीकडे पाहिलं.

शिडी उजवीकडे होती.

"ही शिडी कधी हलवली होती का?"

"कशी हलेल? खिळ्यांनी ठोकलीय. सासरे होते तेव्हापासून तिथेच आहे."

"मग चित्रात डावीकडे कशी?"

ती ओशाळली. "उजवीकडे काढायला गेले तर इस्त्रीचं टेबल मावेना."

दुकानात खोट्या चिठ्ठ्या आम्ही अशाच पकडतो. एका डॉक्टरांनी एकदा औषधाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. महिनाभरात तीच चूक असलेल्या पाच चिठ्ठ्या पाच वेगवेगळ्या माणसांनी आणल्या. खरं औषध कोणीही बरोबर लिहील, चूक मात्र बघूनच उतरवावी लागते. त्या घरात पाहणीला कोणी आलंच नव्हतं. नोटीस चित्रावरून लिहिली होती.

मी धाकटीला समोर बसवलं. "ते पान कोणाकोणाकडे गेलं?"

तिने बोटं मोजली. संयोजक मॅडम, कारण संस्थेला प्रत लागते. छापखानेवाला, कारण त्याला कागदाचा अंदाज द्यायचा होता. आणि सर.

"झाली की यादी. तिघं."

"दोघं," ती म्हणाली.

माझा संशय मॅडमवर होता आणि तो मी लपवला नाही. धाकटीचा छापखानेवाल्यावर होता, कारण कंपनीची माहितीपत्रकंही तोच छापायचा. भांडत बसण्यापेक्षा मी तिला सांगितलं, की तिघांना तीन वेगवेगळ्या चुका दे. पुढच्या पानांमध्ये वसाहतीचं मोठं दुपानी चित्र होतं, वरून पाहिलेलं, तिने स्वतः काढलेलं. त्याच्या तीन प्रती करायच्या. मॅडमच्या प्रतीत बंद उपाहारगृहाच्या मागे लोखंडी जिना. छापखान्याच्या प्रतीत टाकीजवळ पत्र्याची शेड. यातलं काही तिथे नव्हतं.

"आणि सरांच्या प्रतीत?"

"सरांना खरं पान जाईल," ती म्हणाली. आवाज चढला होता.

"सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. मला काय, मी उद्यापासून हा विषय काढणार नाही."

ती उठून गेली. अर्ध्या तासाने परत आली आणि म्हणाली, "ठीक आहे. पण कोणाच्या घरावर खोटं काढायचं तर आधी त्या माणसाला विचारीन."

आणि ती गेली शिंप्याकडे! मी कपाळावर हात मारला. पण तिचं म्हणणं, आधीच एकीचं घर माझ्यामुळे अडचणीत आलंय, दुसऱ्याला न विचारता अडकवणार नाही. शिंप्याने मशीन थांबवून सगळं ऐकलं. प्रती कोणाकोणाला जाणार, ती नावं तिने सांगितली नाहीत. एवढंच सांगितलं, की तुमच्या दुकानावर एक खोली काढीन, आणि नोटीस आली तर तुम्हाला येईल.

शिंपी बराच वेळ दोऱ्याचं रीळ फिरवत राहिला. "म्हणजे तुम्ही खऱ्या असाल तर कळेल, आणि खोट्या असाल तरी कळेल."

"हो."

"काढा. आणि काढताच आहात तर खिडकी मोठी काढा. जन्मभर या खोपटात उकडून मेलोय."

सरांच्या प्रतीत तिने खोली काढली. मोठी खिडकी, पडदा, कठड्यावर फुलझाडाची कुंडी. रागाने काढल्यामुळे असेल, पण त्या अख्ख्या चित्रात तेवढी खोलीच जिवंत वाटत होती. तिन्ही पाकिटं मी स्वतः बंद केली, वर नावं मी लिहिली आणि दुपारच्या सुट्टीत मीच नेऊन दिली. सरांनी दारातच पाकीट घेतलं, म्हणाले, "टपाल खात्यात कधीपासून?" मीही हसले.

नंतरचे दिवस वाईट गेले. मॅडमचा फोन आला की मी धाकटीच्या शेजारी कान लावून उभी राहायची. छापखानेवाला एकदा दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला आला तर मी त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं, की तो म्हणाला, "काय हो, तारीख उलटलेली देताय का?" माणूस एकदा संशयाने बघायला लागला की सगळेच चोर दिसतात. मला तर मधूनच वाटायचं, शिंपीच कंपनीचा असेल, आणि आपण आपलं गुपित त्याच्याच हातात नेऊन दिलं.

अकराव्या दिवशी शिंपी आमच्या दुकानात आला. काउंटरवर एक कागद आपटला. आधी वाटलं तो भडकलाय. मग दिसलं, की हसू दाबताना त्याची हनुवटी थरथरतेय.

"बाई, माझ्या डोक्यावर खोली आहे आणि मला कोणी बोललं नाही!"

नोटीस होती. दुकानावर अनधिकृत खोली, अंदाजे दहा बाय आठ, एक मोठी खिडकी. प्रत्यक्ष पाहणीवरून. जिन्याबद्दल कुणालाच काही आलं नव्हतं. शेडबद्दलही नाही.

मी घरी जाऊन तो कागद धाकटीपुढे ठेवला. तिने वाचला आणि पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे?

"तू पाकिटं बदललीस."

"नाही."

"आठव नीट. तुला मॅडम पकडायच्या होत्या. गडबडीत मॅडमचं पाकीट..."

"मॅडमच्या पाकिटात जिना होता. मी तीनदा तपासलं होतं. तुला माहीत आहे मी कशी तपासते."

तिने कागद उचलला. मग कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. म्हणाली, "उद्या तू माझ्याबरोबर येशील?"

सरांच्या घरी आम्ही सकाळी अकराला गेलो. खिडकीशी त्यांचं उतरतं टेबल, त्यावर शाईच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. सरांनी स्वतः चहा केला. धाकटीने कपाला हात लावला नाही.

"सर, आमची पानं तुम्ही कोणाला दाखवली?"

त्यांनी लपवलं नाही, हे खरं. "कंपनीच्या लोकांना. मी त्यांचा कला सल्लागार आहे, गेल्या वर्षापासून. तुला सांगणारच होतो." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत लावलेलं एक रंगीत चित्र होतं, नव्या इमारतीचा तळमजला, काचेची दालनं, आणि दारावर सरांचं नाव. "चित्रकथांचं कायमचं दालन. आपल्याकडे कुठे आहे असं? माझी तीस वर्षांची मूळ पानं गोण्यांत भरून पडलीत, वाळवी खातेय. तुझीही तिथे लागतील. त्यांना वसाहतीचं जीवन समजून घ्यायचं होतं. मी पानं दाखवली. कोणाचा पत्ता सांगितला नाही."

"सर, पानावरच पत्ता होता. ओळ तीन, शेवटचं घर."

सर चहात साखर ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली असणार.

मला राहवलं नाही. "लॉन्ड्रीवालीला नोटीस आली, हे तुम्हाला कधी कळलं?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हिनेच फोनवर सांगितलं."

"म्हणजे या दुपानी चित्राच्या आधी."

"हो."

"आणि तरी ते चित्र पुढे गेलं."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. सर म्हणाले, "मला वाटलं, योगायोग असेल." मग एकदम धाकटीकडे वळले. "ती खोली तिथे नाहीये. हो ना? तू मला खोटं पान दिलंस."

"हो सर."

"तुझ्याकडून चुका व्हायच्या, त्या मी सुधारल्या. खोटं काढता येतं तुला, हे माहीत नव्हतं." त्यांचा आवाज फाटला. खरंच दुखावले होते. आणि त्या क्षणी मला इतका संताप आला, की दुखावलं जाण्याचा हक्कसुद्धा यांनीच घ्यावा?

धाकटी उठली. टेबलावर तिच्या जुन्या पानांची पुडकी होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. दारात थांबून म्हणाली, "त्या खोलीवर तुम्ही काही खूण केली होती का सर?"

सर म्हणाले, "नाही. उत्तम जमली होती."

रस्त्यावर आल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "चल, वसाहतीत जाऊ. सगळं सांगायचंय." मी म्हटलं, "जोडे खाशील." म्हणाली, "खाईन."

नळापाशी उभी राहून तिने सगळं सांगितलं. पान कोणाकडे गेलं, कसं गेलं, तिने न विचारता कोणाकोणाला प्रती दिल्या. सरांचं नावही सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ उठून घरात निघून गेले. एका बाईने विचारलं, "आमचं काढलेलं परत घेता येईल का?" धाकटी म्हणाली, "कागद परत देता येईल. बघितलेलं परत घेता येणार नाही." यावर बराच आरडाओरडा झाला. शिंपी मधे पडला. "ओरडायचं तर सुनावणीला ओरडा. तिथे कामाला येईल."

सुनावणी गृहनिर्माण कार्यालयात होती. अधिकारी थकलेला, मितभाषी माणूस. कंपनीच्या प्रतिनिधीने फायली मांडल्या, छापील अहवाल, नकाशा. आमच्या माणसांनी घरी जाऊन प्रत्यक्ष पाहिलं, असं तो दोनदा म्हणाला. शिंप्याची पाळी आली तेव्हा तो एवढंच बोलला, "साहेब, माझी खोली मला दाखवा. आजपर्यंत चढलो नाही."

अधिकाऱ्याने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग फाईल बंद करून उठला. कार्यालयापासून वसाहत चालत दहा मिनिटांवर. तो पुढे, मागे प्रतिनिधी, त्याच्या मागे आम्ही तीस-चाळीस जण. शिंप्याच्या दुकानासमोर सगळे थांबले आणि वर बघायला लागले. गंजका पत्रा, त्यावर दोन कबुतरं, एक फाटका टायर.

"कुठे आहे?" अधिकारी म्हणाला.

प्रतिनिधी म्हणाला, "पाडली असेल, साहेब."

"साहेब, पत्र्यावरची ही विष्ठा बघा," शिंपी म्हणाला. "दहा वर्षांचा थर आहे. खोली पाडून कबुतरांना बोलावलं असेल तर एवढ्या दिवसांत एवढं काम त्यांच्याने झालं नसतं."

लोक हसले. अधिकारी हसला नाही. धाकटीने सुनावणीत दिलेलं दुपानी चित्र हातात धरून त्याने तिला पुढे बोलावलं. "हे चित्र तुमचं?"

"हो."

"यातली खोली तुम्ही खोटी काढलीत?"

"हो. मुद्दाम."

"आणि ती कंपनीच्या अहवालात आली." त्याने तिथेच उभ्या उभ्या नोंद केली. मग तीन नंबरच्या ओळीत जाऊन लॉन्ड्रीवालीच्या घरात डोकावला, शिडी बघितली, परत नोंद केली. आठवड्याने आदेश आला. सगळ्या नोटिसा रद्द, नवीन मोजणी कार्यालयाची माणसं करतील, राहणाऱ्यांच्या समोर, त्यांच्या सहीने.

नवीन मोजणीत पोटमाळा मोजला गेला तसा नणंदेचं वेगळं कुटुंबही मोजलं गेलं. तीनशे कागद दाखवावे लागले, पण मोजलं गेलं. वसाहत पडणार ती पडणारच आहे, त्यात काही बदललं नाही.

धाकटीचं काय झालं, तेही सांगायला हवं. संस्थेने पुस्तक रद्द केलं. मॅडमचं पत्र आलं, तेही गोडच होतं. त्यांच्यावर मी उगाच संशय घेतला होता, त्यांना यातलं खरोखर काही ठाऊक नव्हतं, पण माफी मागायचं धाडस मला झालं नाही. बाहेर मात्र बातमी अर्धीच पोचली. चौकटवाली खोटी पानं काढते, एवढीच. दोन वाचनालयांनी ठरलेले कार्यक्रम पुढे ढकलले, म्हणजे कायमचे. एका मासिकाने तिची चित्रमालिका थांबवली. सरांचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा तिने घेतला नाही. दुसऱ्यांदा घेतला, ऐकून घेतलं, "बरं सर" म्हणाली आणि ठेवला. ते काय म्हणाले, ते मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, हे नको विचारूस." मी नाही विचारलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं!

लॉन्ड्रीवाली एकदा घरी आली होती, नवीन यादीची प्रत दाखवायला. बसली, पाणी प्यायली. जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही मनाने चांगल्या आहात. पण आता कागद घेऊन आमच्याकडे येऊ नका. माझ्या नणंदेला अजून दार वाजलं की धडकी भरते." धाकटी म्हणाली, "नाही येणार." आणि नाही गेली.

आता ती पुन्हा स्टुडिओत जाते, आठवड्यातून तीन दिवस. हात काढते. उरलेल्या दिवसांत बस डेपोच्या वाहकांनी तिला बोलावलंय, त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. तिथे ती काहीच घरी आणत नाही, ज्याने काढलं त्याच्याकडेच कागद राहतो. मी विचारलं, "मग पुस्तक कशाचं करणार?" म्हणाली, "माहीत नाही." गेल्या आठवड्यात तिथे चौदा जण आले. सगळे चालक-वाहक, आणि एक कोणीतरी कोट घातलेला गृहस्थ, शेवटपर्यंत भिंतीला टेकून उभा होता, चित्र काढलं नाही. तो कोण होता, हे तिने विचारलं नाही. मी उद्या जाऊन विचारणार आहे.